मधली नळी

१२ जुलै

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. ही तक्रार नाही. मीही हल्ली कुणाचा उचलत नाही. वाजून वाजून तो आपोआप गप्प होतो, तेवढं थांबायचं.

आईला जाऊन परवा तीन महिने झाले. आमचं बरं चाललंय. बाबा सकाळी आठला खाली वर्कशॉपमध्ये उतरतात आणि संध्याकाळी सहाला वर येतात. मधल्या वेळात दारं, खिडक्या, कपाटं. बोलतात ते फक्त मापांत. काल दिवसभरात ते एकच वाक्य बोलले, "सव्वादोन फूट पुरे होईल." ते मला उद्देशून होतं की फळीला, कळलं नाही.

माझं विचारशील तर मला काहीच होत नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं आहे. भूक लागते, जेवते. झोप येते, झोपते. शेजारच्या काकू म्हणतात, "पोरगी खंबीर निघाली." मी मान हलवते.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सचं पहिलं प्रात्यक्षिक मायक्रोस्कोपचं आहे. 'विवर्धन काढा', म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगा. उत्तर येतं मला: वस्तूकडच्या भिंगाचा आकडा गुणिले डोळ्याकडच्या भिंगाचा आकडा. पण गुणिले का? अधिक का नाही? सरांना विचारलं तर म्हणाले, "सूत्र आहे ते." तू तीस वर्षं हॉस्पिटलात त्या नळीला डोळे लावून बसलायस. तू सांग.

तुझी
भिंगरी

१९ जुलै

प्रिय भिंगरी,

फोनचं असं आहे, की ताई दर रविवारी दहा वाजता करायची. आता तो वाजला की मी आधी घड्याळाकडे बघतो, आणि मग उचलवत नाही.

तुझा प्रश्न चांगला आहे. तुझ्या सरांना वेळ नसेल, मला आहे.

खालचं भिंग स्लाइडच्या अगदी जवळ असतं. ते वस्तूचं एक चित्र नळीत वर तयार करतं. नळीची लांबी १६० मिलिमीटर आणि त्या भिंगाचं नाभीय अंतर ४ असेल, तर १६० भागिले ४, चित्र चाळीस पट. आता वरचं भिंग. ते वस्तूकडे बघतच नाही. ते फक्त त्या चित्राकडे बघतं. आपल्या डोळ्याला २५० मिलिमीटरवरचं नीट दिसतं असं धरतात. वरच्या भिंगाचं नाभीय अंतर २५, म्हणून दहा पट. आधीच चाळीस पट झालेल्या चित्राचं दहा पट, म्हणजे चारशे. दोन्ही भिंगं आपापली मूळ वस्तूकडे बघत असती, तर बेरजेचा विचार केला असता. इथे दुसरं पहिल्यावर विसंबून आहे. पहिल्याने घोळ घातला, तर दुसरं तो घोळच दहा पट करून दाखवणार.

माझं नेहमीचंच. आठ ते चार. लॅबमध्ये आमच्या डॉक्टरबाई, मी आणि स्लाइडी. पेशी बघून रोग ओळखणं बाईंकडे, मोजमाप माझ्याकडे. मार्चमध्ये निवृत्त होतोय. लोक विचारतात, पुढे काय करणार. मी म्हणतो, बघू. काल बूट घालूनच जेवलो, हात धुताना लक्षात आलं.

भाऊजींना नमस्कार सांग. ऐकतील तर.

तुझा
मामा

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं सगळं उत्तर पाठ करून गेले, चाळीस गुणिले दहा चारशे लिहिलं, आणि सरांनी भोपळा दिला.

का, तर आमच्या मायक्रोस्कोपमध्ये दोन भिंगांच्या मध्ये नळीचा एक बोटभर तुकडा बसवलाय. त्यावर बारीक अक्षरांत १.६ लिहिलंय. त्यातही भिंग आहे. म्हणजे चाळीस गुणिले एक पूर्णांक सहा गुणिले दहा, सहाशे चाळीस. सर म्हणाले, "नळी आहे की नाही ते आधी बघायचं, मग आकडा लिहायचा. पाठांतर घरी ठेवून यायचं." वर्ग हसला. मीही हसले. मामा, तीस वर्षांचा अनुभव तुझा, आणि मधल्या नळीबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाहीस.

आता गृहपाठ आहे. डोळ्याकडच्या भिंगात मोजायची पट्टी कोरलेली असते ना, तिच्या एका भागाची किंमत नळी असताना आणि नसताना किती, ते काढायचंय. तुझ्या यंत्रात नळी आहे का? असली तर तुझा आकडा कळव, माझ्याशी ताडून बघते. आईच्या डागाची स्लाइड तूच मोजली होतीस ना, ती नळी लावून की न लावता? सहज विचारतेय.

बाबांना नमस्कार सांगितला. "हं," म्हणाले. हल्लीच्या मानाने ते भाषण झालं.

तुझी
भिंगरी

२५ ऑगस्ट

प्रिय मामा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आजारी आहेस का? की मी आईचा विषय काढला म्हणून? तसं असेल तर पुन्हा नाही काढणार. इथेही कुणी काढत नाही, त्यामुळे मला सवय आहे.

गृहपाठ माझा मी केला. दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क अक्षराचा गेला.

भिंगरी

२ सप्टेंबर

भिंगरी,

सरळ विचारतो. तीन ऑगस्टचं ते पत्र तू आपणहून लिहिलंस, की भाऊजींनी लिहायला लावलं? तुम्हाला काय कळलंय आणि कुणाकडून?

मामा

६ सप्टेंबर

मामा,

मला कुणी काही सांगितलेलं नाही. बाबांना तर मी कुठला कोर्स करतेय हेही धड आठवत नसेल. मी गृहपाठाचं विचारलं होतं.

काय कळायला हवं होतं आम्हाला?

भिंगरी

१४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मला आठ ऑगस्टला मिळालं. लॅबमध्ये उभ्या उभ्याच वाचलं. तुझ्या यंत्रात मधली नळी आहे का, असं तू विचारलं होतंस. मनात म्हटलं, आहे की, बारा वर्षं आहे. म्हणून यंत्राकडे बघितलं. नव्हती.

डोळ्याकडच्या भिंगातली पट्टी शंभर भागांची असते. खालचं भिंग दहाचं आणि मध्ये १.६ ची नळी असेल, तर तिचा एक भाग म्हणजे सव्वासहा मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. हा आकडा मीच काढला होता आणि कागदावर लिहून समोरच्या भिंतीला चिकटवला होता. नळी नसेल तर तोच एक भाग दहा मायक्रॉनचा होतो. हे तुला गृहपाठात आलंच असेल.

दुरुस्तीची फाइल काढली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत यंत्र सफाईला गेलं होतं. पावतीवर लिहिलंय, 'मधल्या नळीत बुरशी, नळी काढली आहे, बदली मागवावी.' खाली सही माझी. मी वाचलं नव्हतं. यंत्र परत आल्यावर सगळं जास्त उजळ दिसायला लागलं. वाटलं, सफाई झकास झाली.

ताईच्या कोपराजवळचा काळा डाग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये काढला. तुमच्याकडेच तपासणार होते. मीच म्हणालो, इकडे पाठवा, माझ्या डोळ्यांखालून जाऊ दे. बाईंनी पेशी बघून कॅन्सर ओळखला, तो बरोबर ओळखला. तो कातडीत किती खोल गेलाय ते मी मोजलं. पट्टीचे शहाण्णव भाग. भिंतीवरचा आकडा सव्वासहा. रिपोर्टात गेलं: ०.६ मिलिमीटर.

खरी खोली ०.९६ होती. सर्जन ०.८ ही रेषा धरतात. तिच्या वर गेलं तर काखेत सगळ्यांनाच असते ती बारीक गाठ काढून, रोग तिथवर पोचलाय का ते तपासायचं. आत असेल तर डाग काढला की झालं, सहा महिन्यांनी दाखवायला या. ताई सहा महिन्यांनी गेली तेव्हा काखेतली गाठ हाताला लागत होती. पुढचं तुला माहीत आहे.

स्लाइड पुन्हा काढून मोजली. शहाण्णवच भाग.

भिंतीवरचा कागद बदललाय, आता मोजतोय ते बरोबर मोजतोय. बाईंना सांगितलेलं नाही. मार्चमध्ये मी जाणारच आहे. तुझं आधीचं पत्र मला उलटतपासणीसारखं वाटलं, म्हणून तसा वाकडा प्रश्न विचारला. ते मनावर घेऊ नकोस.

रोज आठला जातो, चारला येतो. माझ्या हातून ताई गेली, भिंगरी, आणि मी काल केस कापून आलो.

मामा

२० सप्टेंबर

मामा,

तुझा हिशेब तपासला. बरोबर आहे. फरक ०.३६ मिलिमीटर.

पत्र वाचून झालं. वाटलं, आता राग येईल, निदान काहीतरी फोडावंसं वाटेल. काही आलं नाही. मग कपडे वाळत घातले.

तुझ्या हातून आई गेली असं तू मला लिहितोस. त्यावर मी काय लिहू? नाही रे मामा, असं मनाला लावून घेऊ नकोस, असं? ते मला जमणार नाही. तुझी समजूत काढायला आई होती.

पण मला एक सांग. आई एकटीच होती का? गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून या ऑगस्टपर्यंत दीड वर्ष होतं. तेवढ्यात किती जणांचे डाग मोजलेस? त्यांच्याकडेही रिपोर्ट आहे, त्यावर कमी आकडा आहे, आणि तो वाचून ते निर्धास्त कामाला जातायत. सहा महिन्यांनी दाखवायला जाणार आहेत. तू कागद बदललास. त्यांच्या हातातला कागद कोण बदलणार? मार्चनंतर तर कुणीच नाही.

हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाईंच्या टेबलाशी जा आणि सांग. सांगितलंस की मला तारीख लिही. तोवर पत्र पाठवू नकोस.

बाबांना मी काही बोललेले नाही.

भिंगरी

५ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तारीख: चोवीस सप्टेंबर. तुझं पत्र तेवीसला दुपारी मिळालं. तू म्हणाली होतीस आठला, बाई साडेआठला आल्या.

मी पावती त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी पावती दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "तुम्हाला कळलं कधी?"

"आठ ऑगस्टला."

"आज चोवीस सप्टेंबर आहे."

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "रिपोर्टावर सही माझी आहे. यंत्राकडे मीही रोज बघतेय. आधी स्लाइडी काढा, मग आपल्या दोघांचं काय ते बघू."

एक्केचाळीस निघाल्या. बाईंनी शेजारच्या हॉस्पिटलातून दुसरं यंत्र मागवलं, काचेवर कोरलेल्या मिलिमीटरने ते माझ्यासमोर तपासलं, आणि सगळ्या स्लाइडी त्यांनी आणि मी वेगवेगळ्या मोजल्या. नऊ दिवस लागले. सदतीस जणांचा आकडा बदलला, पण उपचार बदलत नव्हता. चार रेषेच्या पलीकडे गेल्या. त्यातली एक ताईची.

उरलेल्या तिघांत एक निवृत्त पोस्टमन आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एक ट्रक ड्रायव्हर, त्याचा पत्ता बदललाय, शोध चालू आहे. आणि एक बाई, शिवणकाम करते, वय बेचाळीस. हॉस्पिटलने चौकशी लावली आहे. माझा जबाब झाला. जे झालं ते तसंच्या तसं लिहून दिलं. सहा आठवडे गप्प बसलो, तेही लिहिलं.

ताईचं मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तेव्हा गाठ तपासली असती तर वाचल्याच असत्या, असं मी लिहून देऊ शकत नाही. नसत्या वाचल्या, असंही देऊ शकत नाही." मी म्हटलं, ठीक आहे. ठीक काय आहे ते मला माहीत नाही, पण तोंडातून तेच निघालं.

भाऊजींना मी स्वतः येऊन सांगायला हवं. हिंमत होत नाही. तू सांगणार असशील तर सांग. नको म्हणालीस तर मी येतो.

मामा

१६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

बाबांना मी सांगितलं. तू आला असतास तर तू बोलत राहिला असतास आणि त्यांना काही विचारता आलं नसतं, म्हणून मीच.

दुपारी खाली गेले. ते दाराच्या फळीवर रंधा मारत होते. मी उभी राहून सगळं सांगितलं, नळीपासून. त्यांनी रंधा थांबवला नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग विचारलं, "किती चुकलं?"

"छत्तीस."

"छत्तीस काय?"

"एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले छत्तीस."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पट्टी घेतली, पट्टीवरच्या दोन बारीक रेघांच्या मध्ये पेन्सिलीचं टोक धरलं. "हे एक मिलिमीटर. याच्या आत?"

"अर्ध्याहूनही कमी."

मग खाली वाकून लाकडाचा एक छिलका उचलला, रंध्यातून निघालेला. दोन बोटांत दाबून बघितला. म्हणाले, "हा त्याच्याहून जाड असेल." तो हातात धरून ते फळीवर बसले. मीही बसले. बाहेर गिऱ्हाईक आलं, हाक मारली, आम्ही दोघंही उठलो नाही. ते गेलं.

बाबा छिलका खाली ठेवून म्हणाले, "तिला दुसरीकडेही दाखवायचं होतं. मीच म्हणालो, तुझा भाऊ मोजतोय ना, मग कशाला." एवढंच. मग त्यांनी परत रंधा हातात घेतला, पण तो चालेना. दोनदा अडकला. त्यांनी पातं काढलं आणि उरलेली दुपार दगडावर ते घासत बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड होती. मला नळीत काही दिसेना. फोकस फिरवत राहिले, तरी सगळं धूसर. सर आले, म्हणाले, "यंत्र ठीक आहे. डोळे पूस." तेव्हा कळलं की मी रडतेय. बरंच रडले. स्लाइड भिजली. त्यांनी काही न विचारता नवी दिली.

मी तुला माफ केलं का, ते विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं लिहिणार नाही. पण पत्रं थांबवू नकोस.

बाबा काल जेवताना आपणहून बोलले. "त्या तिघांचं काय झालं, विचार त्याला." म्हणून विचारतेय.

तुझी
भिंगरी

२४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

उशीर केला, कारण अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं. हे भाऊजींना वाचून दाखव.

पोस्टमन म्हणाले, "आता या वयात मला कापू नका. कळवलंत, बरं केलंत." दर दोन महिन्यांनी दाखवायला येणार आहेत. पहिल्या खेपेला सगळं ठीक होतं. ट्रक ड्रायव्हर त्याच्या मुलीमार्फत सापडला. त्याची गाठ काढून तपासली, तिच्यात काही नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या काखेतल्या गाठीत निघालं. टाचणीच्या टोकाएवढं. हाताला लागलं नसतं. रिपोर्टाप्रमाणे त्या फेब्रुवारीत दाखवायला येणार होत्या. सर्जन म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत थांबलं नसतं. उपचार सुरू झालेत.

चौकशीचा निकाल आला. डॉक्टरबाईंना लेखी समज मिळाली. माझी एक पगारवाढ गेली आणि मार्चपर्यंत मोजमाप दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली करायचं, असं ठरलं. मी मोजमापच नको म्हणून अर्ज केला होता. नुसतं काचसामान धुवायची तयारी होती. अर्ज बाईंच्या टेबलावर होता.

मागच्या सोमवारी शिवणकामवाल्या बाई लॅबच्या खिडकीशी आल्या. हात गळ्यात बांधलेला. विचारलं, "माझं मोजलं ते कोण?" लॅबमधली नवी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर गेलो.

"मी मोजलं."

"पहिल्यांदा चुकलं ते?"

"मीच."

"आणि नंतर बरोबर केलं ते?"

"तेही मीच. बाईंनी पडताळलं."

त्या बाकावर बसल्या. मी उभाच. म्हणाल्या, "मी ब्लाउज शिवते. माप चुकलं की उसवून परत शिवते. हे उसवता येत नाही."

मी म्हटलं, नाही येत.

"तुमच्या घरचंही कुणी होतं म्हणे त्यात. नर्स सांगत होती."

"बहीण."

त्यांनी ते ऐकून घेतलं. हळहळ वगैरे काही नाही, ते बरं वाटलं. मग उठल्या. "पाठीवरची कातडी आणखी थोडी काढलीय. तो तुकडा तुमच्याकडे येईल. रोग त्याच्या कडेपासून किती लांब आहे, ते बघतात म्हणे. ते तुम्हीच मोजा."

"माझ्यावर विश्वास आहे तुमचा?"

"विश्वासाचं नाही हो. तुम्ही आता डोळ्यांत तेल घालून बघाल, म्हणून सांगतेय."

मी आत गेलो आणि बाईंच्या टेबलावरचा अर्ज परत घेतला.

तुकडा आज सकाळी आला. आधी यंत्र तपासलं, मग मोजलं. मग उठून पाणी प्यायलो आणि पुन्हा मोजलं. डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा मोजलं. चारही कडा साफ आहेत.

आमच्या रिपोर्टावर आजवर फक्त डॉक्टरांची सही असायची. या महिन्यापासून खाली एक ओळ वाढवली आहे: 'मोजमाप करणार'. तीस वर्षांत मी हजारो आकडे त्या कागदांवर लिहिले, नाव कधीच लिहावं लागलं नव्हतं. आज त्या ओळीवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

तुझा
मामा